अंबाड्यातला उंडा

मालनबाईकडे आलेल्या बाईला आधी पाठमोरी बसवायचं, हा त्या घराचा रिवाज. चहापाणी मागाहून. खिडकीपाशी पाट, पाटावर आलेली बाई, तिच्यामागं स्टुलावर मालन, आणि बाईच्या मांडीवर एखादा जुना फोटो. कुणाच्या आजीचा, कुणाच्या मावशीचा, कुणी मासिकातून कापून आणलेल्या नटीचा. काळापांढरा, कडांना पिवळा पडलेला. "अगदी अस्साच हवा हं मालनताई," असं प्रत्येकीचं म्हणणं. शाळेचं गॅदरिंग असायचं, मंगळागौर असायची, नाहीतर सोसायटीतला जुन्या पेहरावाचा कसला तरी कार्यक्रम. दोन हजार सालानंतर इंदिरानगरात या जुन्या अंबाड्यांचं काय वेड शिरलं होतं कोण जाणे. ज्यांनी आपापल्या आयांच्या अंबाड्यांना नाकं मुरडली होती, त्याच आता हौसेनं मान खाली घालून बसत होत्या.

फोटोत बाई समोरून दिसते. कपाळावरचा फुगा दिसतो, कानावरून मागं वळलेली बट दिसते, फार तर अंबाड्याची एक कड दिसते. मागं काय केलंय ते कुणी फोटोत धरून ठेवलेलं नसतं. मालन ते पुढच्यावरून ताडायची. फुगा एवढा उभा आहे म्हणजे त्याला मागून टेकू कुठं दिला असेल, बट इथून वळली म्हणजे आकडा कुठं खोचला असेल, हे ती थोडा वेळ फोटोकडे बघून बोटांनीच शोधून काढायची.

पाठमोरी बसलेली बाई मोकळं बोलते. समोर तोंड नसलं की माणसाची भीड चेपते. सासू, नवरा, मुलाची बारावी, शेजारणीचा फ्रिज, सगळं सगळं मालनच्या कानांवर पडायचं. मालन दातांत आकडे धरून "हं, हं" करायची. मग हातातला छोटा आरसा मागच्या आरशाशी जुळवून बाई आपली मान बघायची, खूश व्हायची आणि जायची. दार लागलं की घरात भिंतीवरच्या घड्याळाखेरीज आवाज नसायचा. मालन जमिनीवर पडलेले केस केरसुणीनं गोळा करायची आणि एकटीचा चहा ठेवायची. इतक्या बायका येऊन गेल्या, पण "मालनताई, तुमचा अंबाडा कोण घालतं हो?" असं एकीनंही कधी विचारलं नाही. खरं तर विचारण्यासारखा होता. साठीकडे झुकलेल्या, विरळ केसांच्या बाईचा इतका भरदार अंबाडा कुठं असतो का?

कुणी विचारलं नाही ते बरंच होतं. कारण त्या अंबाड्यात काय आहे हे मालनखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि एका माणसाला ते कळू नये म्हणून ती कितीतरी वर्षं जपून राहिली होती. ते माणूस त्याच बिल्डिंगमध्ये वर, दुसऱ्या मजल्यावर राहत होतं. तिची धाकटी जाऊ प्रतिभा.

ही बिल्डिंग उभी राहण्याआधी तिथं शेवंतीचे वाफे होते. माळ्याचं घर. वाल्मीक थोरला, लहानू धाकटा, आणि दोघांवर हुकमत चालवणारी त्यांची आई गोजराबाई. मालन लासलगावच्या बाजूनं वाल्मीकच्या घरात आली तेव्हा ओढ्यापलीकडे नुसती शेतं होती. प्रतिभा आली ती बऱ्याच वर्षांनी, दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेच्या घरातून. मुलगी बघायला गेलेल्या गोजराबाईनं तिला उभं राहून पाठ फिरवायला लावली, आणि कमरेखाली गेलेली ती वेणी बघून तिथंच सुपारी फोडायला सांगितली. पोरीचं तोंड तिनं बहुधा हळदीच्या दिवशी नीट पाहिलं असावं.

पहाटे फुलं तोडायची. पाट्या भरून दोघे भाऊ फुलबाजारात गेले की बायकांनी निंदणी, पाणी, स्वयंपाक बघायचा. दुपारची जेवणं उरकून गोजराबाई आडवी झाली की पडवीत दोघी जावांचा दरबार भरायचा. प्रतिभा पुढं, मालन मागं. मालनच्या हाताला तेव्हापासूनच चाळा होता. कुठं लग्नाला गेली की तिथल्या भिंतीवरच्या जुन्या तसबिरींतल्या बायकांचे केस बघत उभी राहायची. घरी आली की ते प्रतिभाच्या डोक्यावर उतरवून बघायची. कधी फुग्याचा, कधी तीन वळ्यांचा, कधी मानेवर सैल सोडलेला. जमेपर्यंत मोडायचा, पुन्हा घालायचा. प्रतिभा कंटाळायची नाही. उलट पेंगायची.

"अक्का, तुमचा हात डोक्यात फिरला की मला माहेरी गेल्यासारखं वाटतं बघा," ती म्हणायची.

मालनला मूल नव्हतं. घरात ते कुणी बोलून दाखवत नसे आणि कुणी विसरतही नसे. प्रतिभाला रूपाली झाली, तेव्हा तिचं न्हाऊमाखू मालननंच केलं. त्या दुपारी, ती पडवी, मांडीवर झोपलेली रूपाली आणि बोटांत प्रतिभाचे केस, एवढंच मालनचं सुख होतं. आणि ते तिला पुरत होतं.

आता त्या अंबाड्यांची गोम सांगायला हवी. जुना अंबाडा नुसत्या केसांचा होत नाही. आत भरण लागतं. बाजारातलं गंगावन विकत आणावं तर ते परक्या केसांचं, ते घसरतं. मालनला माहेरच्या बाजारात गंगावनं विकणाऱ्या एका बाईनं कधीतरी सांगितलं होतं की आपल्या केसांना आपलेच केस धरतात. विंचरताना फणीत जे गुंतवळ येतं ते टाकू नये. धुऊन, सुकवून, हातावर वळून त्याचा कणकेसारखा उंडा करावा आणि तो अंबाड्याच्या पोटात बसवावा. मग अंबाडा दिवसभर हलत नाही.

पण आपल्याकडे गुंतवळ कुणी ठेवत नाही. गोजराबाईच्या घरात तर नाहीच नाही. विंचरून झालं की गुंतवळावर थू थू करायचं आणि लगेच चुलीत टाकायचं. कुणाच्या हाती लागलं तर त्यावर करणी करतात, ही भीती लहानपणापासून सगळ्यांच्या अंगात भिनलेली. म्हणून मालन म्हणायची, "दे, मी टाकते," आणि गुपचूप कमरेला खोचायची.

तिनं प्रतिभाला सांगायला काय हरकत होती? होती. लहानशी, बायकी, हसण्यासारखी हरकत होती. अंबाडा घातला की प्रतिभा मागं हात लावून म्हणायची, "अक्का, माझ्या केसांचा एवढा मोठा होतो तरी कसा?" आणि मालन म्हणायची, "हात हाय माझा." हे म्हणायला तिला फार आवडायचं. आयुष्यात तिचं म्हणून कौतुक होण्यासारखं दुसरं काही नव्हतं. उंड्याचं गुपित फोडलं असतं तर हाताचं कौतुक गेलं असतं. अंबाडा घालणाऱ्या बाईचं काम मागं चालतं, पुढच्या बाईला त्यातलं काही दिसत नाही. मालननं त्याचा फायदा घेतला. मोडतानाही उंडा ती आधी हळूच काढून घ्यायची.

सगळ्यात देखणा अंबाडा तिनं घातला तो प्रतिभाच्या भावाच्या लग्नात. कपाळावर फुगा, मानेवर मोठा गोल, त्याला पांढऱ्या शेवंतीचा गजरा. त्या लग्नातला प्रतिभाचा फोटो पुढं घरात फ्रेम करून लावला गेला. आणि तेव्हाच कधीतरी मालननं प्रतिभाचा एक उंडा आपल्या अंबाड्यातही घातला. तिचे स्वतःचे केस मूळचेच पातळ, गुंतवळ निघणार तरी किती. तो तिच्या केसांना नीट धरायचा नाही, सारखे आकडे खोचावे लागायचे. पण भरदार दिसायचं, म्हणून ती घालायची.

चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात प्रतिभाचं पोटातलं गेलं. सहावा महिना होता, आणि दवाखान्यातल्या बाई मुलगा होता म्हणाल्या. प्रतिभा घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मालन तिला भात भरवायची, पाय चेपायची. एका सकाळी शेताकडे निघताना तिनंच सांगितलं, "माझ्या पेटीत मऊ जुनं लुगडं हाय, ते घे अंथरायला. ही वाकळ टोचत असंल तुला."

सांगताना पेटीत आणखी काय आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

ती परत आली तेव्हा पडवीत सगळे उभे होते. मधोमध तिच्या पेटीतली कापडी पिशवी उलटी केलेली. जमिनीवर केसांचे काळेभोर उंडे, हार ओवायच्या दोऱ्यानं करकचून गुंडाळलेले, आणि प्रत्येकात आकडे खोचून ठेवलेले. आकडे हरवू नयेत म्हणून ती ते तसे ठेवायची. त्या दिवशी मालननंही ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं. ते दिसतच होतं तसं. ज्यानं कधी करणी पाहिली नाही त्यानंही म्हटलं असतं, हीच ती.

"हे कुणाचे केस हायेत?" गोजराबाईनं विचारलं.

"प्रतिभाचे."

"कशाला ठेवले?"

"अंबाड्यात भरायला."

"टाकते म्हणायची ना तू? रोज म्हणायची ना?"

मालननं प्रतिभाकडे पाहिलं. पांढरीफटक पडलेली प्रतिभा खांबाला धरून उभी होती.

"प्रतिभा, तुझी शपथ, तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते," असं म्हणत मालन पुढं झाली. प्रतिभा मागं सरली आणि तिनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट ओढून घेतला.

"हात लावू नका मला," ती म्हणाली.

गोजराबाईनं एकेक उंडा चुलीत घातला. केस जळल्याचा वास घरभर पसरला, दारातल्या कुत्र्यानंही नाक वळवलं. वाल्मीक बाहेर जाऊन बसला. तो बायकोला काही बोलला नाही, आणि तिच्या बाजूनंही काही बोलला नाही. मालन चुलीकडे बघत उभी होती, आणि तिच्या स्वतःच्या अंबाड्यात प्रतिभाचा एक उंडा तसाच होता. तेव्हा आकडे काढून तो सगळ्यांसमोर टाकावा, असं तिला वाटलं. पण तिचा हात वर गेला नाही. डोक्यातून काढून दिला असता तर काय म्हणाले असते? सगळा मळा गोळा झाला असता.

पडवीत आधी गोणपाटाचा पडदा आला, मग विटांची भिंत आली, मग चुली वेगळ्या झाल्या. पुढच्या वर्षी प्रतिभाला मुलगा झाला. ओम. झालं, मालनच्या नावावर शिक्का बसला. गुंतवळ जळलं आणि वर्षात मुलगा झाला, यापेक्षा मोठा पुरावा गोजराबाईला कशाला हवा? बारशाचा पाळणा मालननं भिंतीच्या अलीकडून ऐकला. बायका गाणं म्हणत होत्या आणि ती अंबाड्यावर हात ठेवून बसली होती. प्रतिभाचे केस मालनपाशी होते, आणि प्रतिभाला मुलगा झाला होता. मालन निर्दोष असल्याची जगात एकच खूण होती आणि ती दाखवली की आधी तिचाच घात होणार होता. असली गोष्ट कुणाला सांगता येते?

बरं, मनाचं तरी कुठं धड असतं. ओमला ताप आला, भिंतीपलीकडून त्याचं कण्हणं ऐकू यायला लागलं की मालनच्या मनात यायचं, आपल्यामुळं तर नसेल? ती उंडा काढायची, कागदात बांधायची, गंगेत सोडून येते म्हणून चप्पल घालायची. एकदा पंचवटीच्या घाटापर्यंत जाऊनही आली. पण हात सुटला नाही. मग पोराचा ताप उतरायचा, आणि उंडा पुन्हा अंबाड्यात जायचा. तो टाकला की त्या दुपारींचं तिच्याजवळ काहीच उरणार नव्हतं. लोक फोटो ठेवतात, तिनं हे ठेवलं.

गोजराबाई गेली. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी वाल्मीकही कावीळ होऊन गेला. जमीन बिल्डरला दिली गेली आणि शेवंतीच्या वाफ्यांवर तीन मजली बिल्डिंग झाली. लहानूच्या कुटुंबाला वरचा मोठा फ्लॅट मिळाला, मालनला तळमजल्यावरचं एक खोली-स्वयंपाकघर. जिना तिच्या दारावरूनच वर जायचा. प्रतिभाच्या पावलांचा आवाज ती ओळखायची. दळण घेऊन जड पावलं, सणाच्या दिवशी जोडव्यांचा नाद. पावलं तिच्या दारापाशी आली की जरा वेगानं पुढं जायची. एका छताखाली दोघी इतकी वर्षं राहिल्या, आणि बोलणं म्हणजे नळाला पाणी आलं का, एवढंही नाही.

अंबाडे घालायला मालननं सुरुवात केली ती एकटेपणाला कंटाळून. शेजारच्या विमलाबाईंच्या मुलीला शाळेतल्या नाटकासाठी जुन्या काळची बाई व्हायचं होतं. तिथून एकीनं दुसरीला सांगितलं. या बायकांच्या अंबाड्यांत मालन दुकानातलं काळ्या जाळीचं स्पंजचं भरण घालायची, आणि घालण्याआधी ते प्रत्येकीच्या हातात देऊन दाखवायची. "हे आत घालते हं," असं न चुकता सांगायची. बायकांना वाटे, काय ही बाई, सांगितलं नाही तरी चाललं असतं की.

दोन हजार सात साली रूपालीचं लग्न ठरलं. मुलगा लासलगावचा. पत्रिका मालनच्या दारात आली, ती लहानूनं खालमानेनं दिली. हळदीला तिला कुणी बोलावलं नाही. एक तर विधवा, त्यात हा इतिहास.

लग्नाच्या सकाळी, अजून बिल्डिंगमधली पोरं उठायची होती, तोच दार वाजलं. रूपाली उभी होती. मानेला हळद लागलेली, केस टॉवेलात, हातात भिंतीवरून काढून आणलेली फ्रेम.

"मोठी आई, मला हा हवाय," ती म्हणाली. "पार्लरवाल्या मुलीनं काल करून बघितला, चांगला केला तिनं. पण तो आईसारखा नाही झाला. आईला विचारलं, तुझा कुणी घातला होता? तर ती उठून आत गेली. मग पप्पा म्हणाले, तुझ्या मोठ्या आईनं."

मालननं फ्रेम हातात घेतली. भावाच्या लग्नातली प्रतिभा तीतून हसत होती. मालन एवढंच म्हणाली, "पाठमोरी बस."

टॉवेल सुटला आणि बोटं केसांत गेली. हाताला प्रतिभाचे तेच केस लागत होते. फक्त खांद्यापर्यंत कापलेले, थरांचे. फुगा छान उठला, बटा वळल्या. पण मागं गोल वळवायला लांबी नव्हती. तिनं स्पंज घातला, तो घसरला. मोठा घातला, तोही खाली आला. तीनतीन आकडे लावले तरी रूपालीनं मान हलवली की सगळं मानेवर. वर बँडवाल्यांना फोन चालले होते, भांड्यांचे आवाज येत होते. रूपालीचे खांदे ताठ झाले होते.

मग मालननं हात मागं नेले आणि स्वतःच्या अंबाड्याचे आकडे एकेक करून काढले.

आरशात रूपालीला ते दिसलं. मोठ्या आईचे केस सुटून खांद्यावर आले, शेपटीएवढे, पांढरे. आणि तिच्या तळहातावर एक काळाभोर, तुकतुकीत उंडा होता.

मालननं तो रूपालीच्या केसांत टेकवून बघितला. तो बसला. एका आकड्यात बसला. तिच्या स्वतःच्या डोक्यात तो कधी असा बसला नव्हता. आता वरून केस वळवायचे, दोन आकडे, आणि संपलं. पोरगी वर गेली असती, कुणाला कळलंही नसतं. प्रतिभा दिवसभर लेकीच्या अंबाड्याकडे बघत राहिली असती.

मालननं उंडा बाहेर काढला.

"हे कुणाचे केस?" रूपालीनं विचारलं.

"तुझ्या आईचे. तरुणपणीचे." मालननं उंडा तिच्या हातात दिला. "वर जा आणि तिला दाखव. म्हणावं, मोठी आई हे माझ्या अंबाड्यात घालू का विचारतेय. ती नको म्हणाली तर नको. तिला न विचारता मी घालणार नाही."

रूपाली लहानपणापासून घरातली कुजबुज ऐकत आली होती. तिनं उंड्याकडे पाहिलं, मोठ्या आईकडे पाहिलं, आणि टॉवेल खांद्यावर टाकून ती जिन्यानं वर गेली.

मालन केस मोकळे सोडून तशीच बसली. आपण लग्नघरात आग लावली, असं तिला वाटायला लागलं. आता वरून आरडाओरडा होईल, लहानू येईल, पोरीचा चांगला दिवस नासेल. एवढी वर्षं गप्प राहिलो, आणखी एक दिवस गप्प राहायला काय झालं होतं?

मग जिन्यावर पावलं वाजली. ती दारापाशी आली आणि या वेळी पुढं गेली नाहीत.

प्रतिभा दारात उभी होती. अंगावर लग्नाची जरीची साडी, केस अजून विंचरायचे राहिलेले. मूठ मिटलेली. तिच्यामागं रूपाली.

"हे तर जाळले होते," प्रतिभा म्हणाली.

"पेटीतले जाळले. हा माझ्या डोक्यात होता."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

प्रतिभानं मूठ उघडली आणि उंड्याकडे बघत राहिली. ती काय हिशोब करत होती ते मालनला स्वच्छ कळत होतं.

"ओम झाला तेव्हा?" तिनं हळूच विचारलं.

"तेव्हाबी होता."

वरून ओमचा घोगरा आवाज आला. तो बापाला मुंडावळ्या कुठं ठेवल्या म्हणून विचारत होता. नुकताच फुटलेला, धड मुलाचा नाही की माणसाचा नाही, असा आवाज. प्रतिभा तो ऐकत उभी राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलं, अक्का?"

"सांगितलं असतं तर हाबी जळला असता. आणि आधी सांगायला पायजे होतं, तेव्हा मी मिरवत बसले. माझ्या हाताची कमाल म्हणून. तेवढी माझी चूक हाय, प्रतिभा. बाकी मी काही केलं नाय."

प्रतिभानं उंडा रूपालीच्या हातात दिला. "बस खाली," ती लेकीला म्हणाली. "मोठ्या आईला घालू दे."

प्रतिभाही तिथंच जमिनीवर टेकली. अंबाडा झाला. फुगा, मानेवर गोल, पांढऱ्या शेवंतीचा गजरा. रूपालीनं मान हलवून बघितली, तो जागचा हलला नाही. ती वर पळाली. प्रतिभा मात्र उठली नाही. खाली बसली होती ती तशीच सरकून पाटावर आली आणि तिनं मालनकडे पाठ केली.

मालननं फणी घेतली. केस सोडवले आणि तिचा हात थबकला. ती कमरेखालची वेणी कुठं गेली होती कुणास ठाऊक. पातळ झालेले, मुळाशी पांढरे, टोकाला मेंदीनं लालसर केस. इतकी वर्षं ती जिन्यावरची पावलं ऐकत होती, आणि या केसांचं काय होतंय ते तिनं पाहिलंच नव्हतं. ती हळूहळू विंचरत राहिली. प्रतिभाची मान पूर्वीसारखी थोडी पुढं झुकली.

फणीत थोडं गुंतवळ आलं. मालननं सवयीनं ते बोटाभोवती गुंडाळलं, आणि एकदम दचकली. तिनं तो हात प्रतिभाच्या खांद्यावरून पुढं केला, तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हे घे. तूच टाक."

प्रतिभानं ते बोटावरचं गुंतवळ बघितलं. तिचा हात वर आला. तिनं मालनची बोटं धरली आणि एकेक करून मिटवली.

"ठेवा," ती म्हणाली.

लग्नात मालन मागच्या रांगेत बसली. अंतरपाटापुढं उभ्या असलेल्या नवरीची तिथून फक्त पाठ दिसत होती, आणि मालनला तेच बघायचं होतं.

उंडा रूपालीबरोबर लासलगावला गेला आणि परत आला नाही. मालननंही मागितला नाही. प्रतिभा आता कधी कधी दुपारी खाली येते. रोज येत नाही. वर नातेवाईक असतात, गुडघे दुखतात, आणि आली तरी बोलायला फारसं काही सुचत नाही. मधल्या वर्षांतलं एकीला दुसरीचं काही माहीत नाही, आणि ते आता सांगत बसायला कुठून सुरुवात करणार? प्रतिभा पेंगते, मालन विंचरते. मग ती जाते आणि घड्याळ पुन्हा ऐकू यायला लागतं.

केसांची कापडी पिशवी मात्र मालननं या वेळी पेटीत ठेवलेली नाही. दाराशेजारच्या खिळ्याला, आल्यागेल्याला दिसेल अशी टांगली आहे. तिच्यात फार काही नाही. पूर्वी फणी भरून गुंतवळ निघायचं, आता दोन-चार काळे, बाकी पांढरे. त्याचा उंडा व्हायला कितीतरी वर्षं लागतील, आणि तेवढी दोघींपाशी आहेत की नाहीत ते सांगता येत नाही. तोवर मालनचा अंबाडा सुपारीएवढाच असतो.